रेस दिली की गाडी गचके खाते: गियरबॉक्स उतरवण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

तीन हात नाक्याचा सिग्नल सुटतो, तुम्ही रेस देता आणि गाडी उचल घेण्याआधी एक गचका देते. दोन दिवस दुर्लक्ष, तिसऱ्या दिवशी गॅरेज. गॅरेजवाला कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारतो आणि सांगतो, "साहेब, बॉक्स उतरवावा लागेल." पंधरा दिवस गाडी त्याच्याकडे, खिसा हलका, आणि गाडी घरी आली तर गचका जिथल्या तिथे. ही कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि एकदा स्वतः भोगली आहे, की आता कोणी फोन केला तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्पार्क प्लग कधी बदललेत?

इंजिनपासून चाकापर्यंत ताकद जिथून जिथून जाते, त्यातला कुठलाही सांधा ढिला झाला तरी सीटवर बसलेल्याला गचका साधारण सारखाच वाटतो. म्हणून क्रम पाळायचा. जे स्वस्त, बाहेरून दिसणारं आणि न उघडता तपासता येणारं, ते आधी. बॉक्स सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, ऑइल, फाउंडेशन (इंजिन आणि बॉक्स ज्यावर टांगलेले असतात ती रबरं) सगळं एकाच शनिवारी बदललंत, तर गचका गेला तरी कशाने गेला ते कळत नाही.

१. आधी तुमचा बॉक्स ओळखा

"ऑटोमॅटिक आहे" एवढं सांगून भागत नाही. मॅन्युअलमध्ये तीन पेडल असतात, तिथे गोंधळ नाही. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच. तीच क्लच प्लेट, तेच गियर, फक्त क्लच दाबायला आणि गियर टाकायला यंत्र बसवलेलं. आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर 'पी' नसतो, ही सोपी खूण. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि बॉक्स यांच्यात तेलाचा दुवा असतो. सीव्हीटीत गियरऐवजी दोन पुली आणि पट्टा. डीसीटीत दोन क्लच आलटूनपालटून काम करतात.

हे आधी कळायला हवं, कारण तपासणीची वाट इथून फुटते आणि प्रत्येकाचं ऑइल वेगळं असतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत प्रकार आणि ऑइलचं नाव दोन्ही छापलेलं असतं. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पॉलिथिनमध्ये गुंडाळून पडलेली असते. काढा बाहेर.

सावधान: गाडी वॉरंटीत असेल तर खाली दिलेलं फक्त लिहिण्या-पाहण्यापुरतं करा. काहीही खोलू नका. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लेखी तक्रार नोंदवा आणि जॉबकार्डाची प्रत घ्या.

२. गचक्याला नाव द्या

मेकॅनिकला "गाडी जर्क मारते" असं सांगितलं की तो त्याला माहीत असलेला आजार गृहीत धरतो. आपल्या भाषेत या त्रासाला चार-पाच चांगले शब्द आहेत, ते वापरा.

गचका: एकदाच बसतो, बहुधा रेस दिल्याच्या किंवा सोडल्याच्या क्षणी, कधी सोबत 'ठक' असा आवाज. संशय फाउंडेशनवर किंवा शाफ्टवर (बॉक्समधून चाकाला ताकद नेणारा दांडा).

अडखळणं: रेस दाबून धरली असताना गाडी मध्येच श्वास कोंडल्यासारखी करते, पुन्हा सुटते, पुन्हा कोंडते. चढावर जास्त. संशय इंजिनवर. मेकॅनिक याला 'मिसिंग' म्हणतात.

थरथर: पहिल्या गियरमध्ये क्लच सोडताना गाडी कापरं भरल्यासारखी हलली तर क्लच. साठ-सत्तरच्या वेगात, हलक्या रेसवर, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटलं तर टॉर्क कन्व्हर्टर.

घसरण: इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, वेग मात्र वाढत नाही. क्लच प्लेट झिजली, किंवा ऑटोमॅटिकच्या आतल्या क्लचना तेलाचा दाब मिळत नाही.

हिसका: ठरावीक गियर बदलतानाच मान पुढे जाते. एएमटीत थोडा हिसका जन्मजात असतो. तो काल नव्हता आणि आज आहे का, हा खरा प्रश्न.

एका कागदावर लिहा: कोणता प्रकार, कोणत्या गियरमध्ये, किती वेगाला, किती आरपीएमवर, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, एसी चालू की बंद, सरळ रस्त्यावर की वळणावर, सीएनजीवर की पेट्रोलवर. शेवटची नोंद लोक हमखास विसरतात. ठाणे-नवी मुंबईत निम्म्या तक्रारींचं उत्तर मला तिथेच सापडलेलं आहे.

३. जागा आणि हत्यारं

सपाट जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रॅम्पच्या तोंडाशी गाडी उचलू नका, आणि स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर तर मुळीच नाही. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. फरशीवर तेलाचा डाग पडला की पुढच्या सभेचा पहिला विषय तुम्हीच.

लागणारं सामान: पाना-सॉकेटचा सेट, टॉर्क पाना, दोन घोड्या (उचललेली गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड), चाकाला लावायला लाकडी ठोकळे, टॉर्च, मल्टिमीटर, पांढरं सुती फडकं, तेल गोळा करायला पसरट टब, मापाचं भांडं आणि मोबाइलला जोडता येणारा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो. बॉक्सचे सगळे कोड वाचेलच असं नाही, पण सुरुवातीला पुरतो.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नका. घोड्या लावा, हँडब्रेक ओढा, जमिनीवर असलेल्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडी हलवून पाहा. मगच खाली सरका.

४. बॅटरीचा वोल्टेज, मग स्कॅनर. आणि बॅटरीची वायर काढायची नाही

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ही. कोणीतरी सल्ला देतं, "बॅटरीची वायर काढून ठेव दहा मिनिटं, रिसेट होईल." त्याने साठवलेले कोड पुसले जाऊ शकतात. वरून कॉम्प्युटर शिकलेलं सगळं विसरला की गाडी दोन दिवस आणखी विचित्र चालते.

आधी मल्टिमीटर. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर बॅटरी साधारण १२.४ ते १२.६ वोल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर १३.५ ते १४.५ च्या आसपास. यापेक्षा कमी असेल तर आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर बघा. एएमटी आणि ऑटोमॅटिक बॉक्स विजेवर चालणाऱ्या वॉल्व्ह आणि मोटरींवर जगतात; वोल्टेज पडला की ते उगाच गचके देतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर घासून काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मग स्कॅनर. सॉकेट ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली असतं. कोड सापडले तर स्क्रीनचा फोटो काढा, पुसू नका.

पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडर अधूनमधून पेटत नाहीत. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे तो तो सिलिंडर. पी०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. हे सगळे इंजिनचे. बॉक्सला हात लावायचं कारण नाही.

पी०७०० हा फक्त निरोप आहे: बॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी साठलंय, तिथे जाऊन वाचा. नुसत्या पी०७०० वर कोणी ओव्हरहॉलिंगचा अंदाज दिला तर गाडी परत आणा. पी०७३० म्हणजे गियरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७१५ आणि पी०७२० वेग मोजणाऱ्या सेन्सरचे, पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारी पकड) नीट लागत नसल्याचा, पी०२१८ बॉक्स तापल्याचा. सेन्सरचा कोड असेल तर सेन्सर आणि त्याची वायर आधी. पावसाळ्यानंतर कनेक्टरमध्ये हिरवट गंज आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, दोन्ही आपल्याकडे नेहमीचं.

५. रस्त्यावर चाचणी: थंड इंजिनने सुरुवात

गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी गरम झालेली असते, आणि थंड इंजिनातला गचका तिथे दिसतच नाही. म्हणून पहिली चाचणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने, घरातूनच सुरू करा.

नवी मुंबईत पाम बीच रोड एकसारख्या वेगासाठी बरा. मात्र रविवारी पहाटे सायकलवाले आणि धावणारे असतात, त्यामुळे आठवड्यातली सकाळ निवडा. चढासाठी बेलापूरची पारसिक टेकडी. ठाण्यात उपवनकडून येऊरला चढणारा रस्ता किंवा घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ. घोडबंदरवर खड्डे इतके की कुठला गचका गाडीचा आणि कुठला रस्त्याचा ते ठरवणं अवघड जातं. मला कुठलाही मोकळा फ्लायओव्हर पुरतो.

शेजारी दुसरं माणूस बसवा, नोंदी त्याने करायच्या. क्रम असा: थंड इंजिनने हलकी रेस देत तिसऱ्या गियरपर्यंत. मग चढावर दुसऱ्या गियरमध्ये दमदार रेस. मग सपाट रस्त्यावर साठला पाच मिनिटं, हलकी रेस. मग रेस पूर्ण सोडा, पुन्हा द्या. शेवटी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना हळू चक्कर. इंजिन गरम झाल्यावर हीच मालिका परत, एकदा एसी लावून.

खात्री करा: थरथर रेसवर अवलंबून आहे की वेगावर? रेस सोडल्यावरही ऐंशीला तशीच राहिली, तर टायरचं बॅलन्सिंग आणि खड्ड्याने वाकलेला रिम बघा. तुमचा बॉक्स निर्दोष आहे.

६. इंजिन की बॉक्स? इथे वेळ घालवा

सीएनजीची गाडी असेल तर सगळ्यात सोपी परीक्षा तुमच्याच हातात आहे. तोच चढ, तोच गियर, एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर. बॉक्सला कुठलं इंधन जळतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. फक्त सीएनजीवर अडखळली तर दोष इंधनाच्या किंवा ठिणगीच्या बाजूला. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) आधी सीएनजीवर तोंड उघडते आणि पेट्रोलवर महिनोन्महिने लपून राहते. प्लगनंतर सीएनजीचा फिल्टर. तो बदलायचा असतो हेच अनेकांना माहीत नसतं. गॅसच्या लाइनचं काम मात्र अधिकृत माणसाकडूनच. तिथे स्वतः पाना लावू नका.

उलट फक्त पेट्रोलवर अडखळली तर? टाकीत वर्षभर पाव टाकी पेट्रोल तसंच पडलेलं असतं आणि इंजेक्टर चिकटलेले. टाकी ताजी भरून चालवा, मग बोलू.

प्लग काढताना इंजिन थंड हवं. चारही प्लग क्रमाने कागदावर मांडा आणि शेजारी सिलिंडरचा नंबर लिहा. तिघांचा रंग फिकट तपकिरी आणि एकाचा काळा किंवा ओला, तर रोगी सापडला. प्लग बदलायचे तर चारही, आणि फट पुस्तिकेत दिलेली. परत बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा, पाना शेवटी. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की हा सगळा बचतीचा खेळ उलटतो.

कॉइलसाठी नवीन पार्ट विकत न घेता करायची युक्ती: स्कॅनरवर पी०३०२ असेल तर दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर आणि तीनची दोनवर लावा. फोटो काढलेला आहेच, म्हणून आता कोड पुसा, त्याच चढावर चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ तिथेच राहिला तर कॉइल चांगली आहे, प्लग किंवा इंजेक्टर बघा.

त्यानंतर एअर फिल्टर, काळी झालेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि हवेच्या पाइपला गेलेली चीर. थ्रॉटल बॉडीसाठी तिचाच क्लीनर वापरा. फडक्याने पाकळी जोराने ढकलू नका, कारण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची मोटर नाजूक असते. साफ केल्यावर पहिल्या दिवशी आयडल (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) वर-खाली होऊ शकतो. काही गाड्यांत तो स्कॅनरने परत शिकवावा लागतो.

डिझेल असेल तर डिझेल फिल्टर, त्यात साचलेलं पाणी आणि टर्बोच्या पाइपची गळती. चढावर ताकद मिळते आणि लगेच जाते, हे बऱ्याचदा तिथलं.

७. फाउंडेशन आणि शाफ्ट

इंजिन आणि बॉक्स रबरी फाउंडेशनवर टांगलेले असतात. रबर फाटलं की रेस दिल्यावर अख्खं इंजिन झोका घेतं आणि तो झोका तुम्हाला गचका म्हणून लागतो. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. एका गॅरेजने क्लचचा अख्खा सेट बदलला, आठवडाभर गाडी ठेवली आणि गचका होता तसाच परत दिला. शेवटी दुसऱ्या एकाने बॉनेट उघडून मला आत बसवलं, म्हणाला, "दादा, जरा रेस द्या," आणि मागच्या फाउंडेशनकडे बोट दाखवलं. रबराचे दोन तुकडे झाले होते.

तुम्हीही तेच करा. बॉनेट उघडं, हँडब्रेक पूर्ण, पायाने ब्रेक घट्ट. ऑटोमॅटिक असेल तर डी आणि आर मध्ये क्षणभर किंचित रेस. मॅन्युअल असेल तर पहिल्या आणि रिव्हर्स गियरमध्ये क्लच नुसता टेकेपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं.

सावधान: या चाचणीत गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही नको. भिंतीसमोर तर करूच नका.

इंजिन थोडं हलणारच. दोन-तीन सेंटिमीटरच्या वर उसळत असेल किंवा 'ठक' वाजत असेल, तर टॉर्चने प्रत्येक रबर बघा. एक फाटलं असेल तर बाकीच्यांवरही ताण आलेला असतो, म्हणून सगळी तपासा.

मग चाकाच्या आतल्या बाजूचे ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट. फाटून ग्रीस आजूबाजूला उडालेलं दिसलं की आत धूळ-पाणी गेलंच. वळताना 'कटकट' आली तर शाफ्टचा चाकाकडचा, बाहेरचा जॉइंट. सरळ रस्त्यावर रेस देताना गाडी आडवी थरथरली आणि रेस सोडताच शांत झाली तर बॉक्सकडचा, आतला जॉइंट. हा आतला जॉइंट बॉक्सच्या नावावर सगळ्यात जास्त वेळा खपवला जातो.

८. मॅन्युअल: क्लच

घसरण तपासायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये चाळीसला रेस पूर्ण दाबा. काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपत आली. पण लगेच प्लेट बदलू नका. केबलचा क्लच असेल तर आधी पेडलचा मोकळा खेळ मोजा. केबल जास्त ताणलेली असली तरी चांगली प्लेट घसरते. हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी आणि गळती बघा.

पहिल्या गियरमध्ये थरथर असेल तर प्लेटवर तेल आलेलं असतं, किंवा फ्लायव्हील तापून त्यावर निळसर डाग पडलेले असतात. बॉक्स उतरवायची वेळ इथे खरोखर येते. उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग बघा, आणि इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपतंय का ते स्वतः डोळ्यांनी पाहा. सील तसंच ठेवलं तर नवी प्लेटही त्याच तेलात भिजेल.

ऐरोलीच्या पुलावर रांगेत हाफ क्लचवर सरकत राहायची सवय असेल तर ते मेकॅनिकला खरं सांगा.

मॅन्युअलचं गियर ऑइल बदलताना एकच नियम पाठ करा: आधी तेल भरायचा बोल्ट सैल करा, मग तेल सोडायचा. तेल सगळं सोडून दिलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी जागेवरून हलणार नाही. पुस्तिकेत जीएल-४ दर्जाचं गियर ऑइल सांगितलं असेल तिथे जीएल-५ "भारी आहे" म्हणून टाकू नका. त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या (गियर पडताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत.

९. एएमटी

इथे तीन गोष्टी. पहिली, लिव्हर 'एम' मध्ये टाकून स्वतः गियर बदला आणि बदलताना रेस किंचित सोडा. हिसका गेला तर यंत्र ठीक आहे, चालवण्याची पद्धत जुळवायची आहे. दुसरी, हायड्रॉलिक किट असेल तर त्याच्या छोट्या टाकीतल्या तेलाची पातळी बघा. ते गियर ऑइलपेक्षा वेगळं असतं. तिसरी, क्लच झिजत जातो तसा कॉम्प्युटरला त्याचा टेकण्याचा बिंदू परत शिकवावा लागतो. योग्य स्कॅनर असलेल्या वर्कशॉपमध्ये हे काम न खोलता होतं. क्लच नवा टाकून हे शिकवणं विसरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. नव्या प्लेटवर जुन्यापेक्षा जास्त हिसके.

चढावर एएमटी रेसवर तोलून धरू नका. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. डीसीटीलाही हेच लागू. तिची बाकी तपासणी घरी करण्यासारखी नाही. कोड वाचा, बॉक्स तापल्याची सूचना कधी आली ते लिहा आणि त्या बॉक्सची माहिती असलेल्याकडे न्या.

१०. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी: ऑइल वाचायला शिका

तेल मोजायची पट्टी (डिपस्टिक) असेल तर बहुतेक गाड्यांत गरम बॉक्स, सपाट जागा, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून 'पी' मध्ये, मग पातळी. काही कंपन्या इंजिन बंद करून लगेच पाहायला सांगतात, म्हणून पुस्तिका. पट्टी नसेल तर खाली पातळीचा बोल्ट असतो आणि तेलाचं तापमान ठरावीक हवं, अनेक बॉक्सना ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. ते तापमान स्कॅनरवरच दिसतं. त्यामुळे बोटाने अंदाज घेऊन "बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

चार थेंब पांढऱ्या फडक्यावर टाका. लालसर किंवा पारदर्शक: ठीक. काही तेलं मुळात हिरवी किंवा फिकट पिवळी असतात, म्हणून नव्याचा रंग माहीत हवा. तपकिरी: वय झालं, बदला. काळं आणि करपल्याचा वास, सोबत घसरण: आतले क्लच जळलेत, नुसत्या नव्या तेलाने ते बरे होणार नाहीत. चमकणारा धातूचा चुरा: थांबा, चालवू नका.

दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी गेलंय. एक वाट रेडिएटरमधल्या कूलरची, दुसरी पावसाळ्याची. साचलेल्या पाण्यात गरम बॉक्स अचानक थंड होतो, आतली हवा आकसते आणि बॉक्सच्या हवा जाण्या-येण्याच्या नळीवाटे पाणी ओढलं जातं. सानपाड्याच्या किंवा कळव्याच्या पाण्यातून अर्धं चाक बुडवून आला असाल, तर गचक्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तेल बघा. हे मॅन्युअललाही लागू.

हलक्या रेसवरची ती पट्ट्यांसारखी थरथर अनेकदा जुन्या तेलानेच येते आणि तेल बदलल्यावर जाते. बदलण्याचा क्रम:

अ. पुस्तिकेत दिलेल्या नावाचंच तेल आणा. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं डब्यावर लिहिलेलं नको. सीव्हीटीत साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल) कधीही नाही.

आ. गाडी कोमट असताना सपाट उचला. इथेही भरायचा बोल्ट आधी सैल.

इ. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा. जेवढं निघालं तेवढंच परत. खालून सगळं तेल निघत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, साधारण निम्मं किंवा त्याहून कमी बाहेर येतं.

ई. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा, पुस्तिकेतल्या टॉर्कने घट्ट. चुंबकावरची बारीक राखाडी लुगदी नेहमीची असते. तुकडे मात्र नेहमीचे नाहीत.

उ. चालवा, आणि काही दिवसांनी तेच पुन्हा. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक तेल नवं होतं. जुन्या, कधीच तेल न बदललेल्या बॉक्सला दाबाने फ्लश करायला माझा ठाम विरोध आहे. फेऱ्यांनी करा.

ऊ. शेवटी पातळी परत तपासा. कमी तेल जेवढं वाईट तेवढंच जास्तही, कारण ते फेसाळतं आणि दाब पडतो.

'आयुष्यभराचं तेल' असं विक्रेता सांगतो, पण घोडबंदर आणि ठाणे-बेलापूर रोडचा रोजचा रांगेतला प्रवास पुस्तिकेच्या भाषेत 'कठीण वापर' असतो. त्या रकान्यात दिलेले किलोमीटर धरा. काही सीव्हीटी गाड्यांत तेल बदलल्यावर त्याच्या वयाची नोंद स्कॅनरने शून्य करावी लागते, विचारून घ्या.

निघालेलं तेल डब्यात बंद करून गॅरेजमार्फत जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या. आपल्या गटारांचा शेवट ठाण्याच्या खाडीत, फ्लेमिंगोंच्या ताटात होतो.

११. तरीही बॉक्स खोलायची वेळ आली तर

तुमचा कागद, कोडचे फोटो आणि फडक्यावरचा डाग घेऊन जा. मेकॅनिकला शेजारी बसवून तोच चढ, तोच गियर दाखवा. त्याने गचका स्वतः अनुभवल्याशिवाय गाडी ठेवू नका. अंदाज लेखी घ्या: कोणता पार्ट, कोणत्या पुराव्यावरून. "खोलल्यावर कळेल" हे कधीकधी खरं असतं, पण मग खोलल्यावर फोन आणि फोटो, होकार मिळाल्यावरच पुढचं काम, हे आधी ठरवा. वॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइड (बॉक्समधला तेलाचा दाब वळवणारे भाग) बदलून भागत असेल तर अख्खा बॉक्स का, असं स्पष्ट विचारा. जुने पार्ट परत मागा. भंगारातला बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्याचा इतिहास कोणालाच माहीत नसतो. बसवायचाच असेल तर त्याचं तेल आधी फडक्यावर पाहा.

१२. काम झाल्यावर

गाडी घेताना गॅरेजच्या गल्लीतली चक्कर पुरत नाही. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनने तीच मालिका, त्याच कागदावर शेजारच्या रकान्यात. कॉम्प्युटर नव्याने शिकत असेल तर पहिले काही दिवस गियर थोडे उशिरा पडतील; दिवसागणिक सुधारायला हवं. शंभरेक किलोमीटरनंतर स्कॅनर पुन्हा लावा आणि प्रलंबित (अजून पक्के न झालेले) कोड बघा.

रात्री बॉक्सच्या खाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर साधं पाणी दिसलं तर ते एसीचं, सोडून द्या. लाल डाग ऑटोमॅटिकच्या तेलाचा, काळपट इंजिन ऑइलचा, घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचा गियर ऑइलचा. डाग बंद मुठीएवढा झाला तर त्याच दिवशी गाडी परत न्या आणि पुठ्ठाही सोबत घेऊन जा.